डेस्मॉस आणि बारावीचा एलपीपी: नको ती बाजू रंगवा

आधीच सांगते, मी काही टेक्नॉलॉजीवाली बाई नाही. इचलकरंजीत घराच्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावी कॉमर्सच्या मॅथ्सच्या ट्यूशन घेते, सोळा-सतरा पोरं, एक पांढरा फळा आणि गेल्या दिवाळीपासून भावानं दिलेला जुना टीव्ही, ज्याला लॅपटॉप जोडता येतो. आता एवढा मोठा टीव्ही भिंतीवर टांगलाय तर त्याच्यावर काहीतरी दाखवायला पाहिजे ना, म्हणून शोधाशोध करताना डेस्मॉस नावाचं ग्राफ काढायचं कॅल्क्युलेटर हाती लागलं. वर्ष झालं वापरतेय, दोन बॅचेसना लिनियर इनइक्वॅलिटी (म्हणजे असमानता) आणि त्याच्या पुढचं लिनियर प्रोग्रॅमिंग (दिलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त नफा कसा काढायचा असली गणितं, आमच्यात सगळे एलपीपी म्हणतात) ह्याच्यावर शिकवून झालं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. बाकीचं डेस्मॉस, म्हणजे साईन-कॉस, वर्तुळं, पोरं त्यात चित्रं काढतात वगैरे, त्यातलं मला फारसं विचारू नका. हा रिव्ह्यू फक्त एका कामापुरता आहे, रेघ काढायची आणि कुठली बाजू आपली ते रंगवायचं.

पहिला दिवस सांगते म्हणजे कळेल. चार असमानतांचं गणित घेतलं होतं, मोठ्या थाटात एकेक ओळ टाईप केली, एंटर मारला. पहिली लाल, दुसरी निळी, तिसरी हिरवी, चौथी कुठल्या रंगाची ते कळायच्या आत टीव्हीवर सगळं एकमेकात मिसळून असा काही गडद चिखल झाला की मागच्या सतरंजीवरनं आवाज आला, "मॅडम, रंगपंचमी झाली की." सगळी खी-खी करायला लागली. मी पण हसले, काय करणार. ज्या भागात चारही रंग एकावर एक बसलेत तो आपला फीजिबल रीजन, म्हणजे चारही असमानता पाळणारा भाग, हे बोलायला सोपं आहे, पण दोन रंग कुठं, तीन कुठं आणि चार कुठं हे जुन्या टीव्हीवर ओळखायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. चूक डेस्मॉसची नव्हती, ते सांगितलं तेवढंच करतं. कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं. ते कळायला मला दोन आठवडे गेले, ते पुढं सांगते कारण ह्या सगळ्या लिखाणात कामाची गोष्ट तीच आहे.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. डेस्मॉस हे ग्राफ काढायचं कॅल्क्युलेटर आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, मोबाईलवर ॲप पण आहे, फुकट आहे. २०११ साली एली लुबेरॉफ नावाच्या माणसानं अमेरिकेत सुरू केलं. २०२२ मध्ये त्यांचा शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग ॲम्प्लिफाय नावाच्या कंपनीकडं गेला आणि कॅल्क्युलेटर डेस्मॉस स्टुडिओ म्हणून वेगळं राहिलं, पण आपल्याला पैसे तेव्हाही पडले नाहीत आणि आत्ताही पडत नाहीत. तिकडं कॉलेज प्रवेशाची जी सॅट परीक्षा असते ती आता कॉम्प्युटरवर झालीय, तिच्यात परीक्षेच्या स्क्रीनवरच हे दिलेलं असतं म्हणे पोरांना. हे आमच्या बॅचला सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मग तिकडं नापास कसं होतात?" मी म्हटलं बाबा, मशीन रेघ काढून देतं, कुठली रेघ काढायची ते तुलाच सांगायला लागतं.

टाईप करणं अगदी सोपं. डाव्या बाजूला ओळी, उजवीकडं ग्राफ. लॅपटॉपवर लेस दॅनचं चिन्ह आणि लगेच बरोबरचं चिन्ह मारलं की ते आपोआप ≤ होतं, मोबाईलवर त्यांचा स्वतःचा कीपॅड येतो त्यात < > ≤ ≥ चारही बटणं समोरच आहेत. आणि समीकरण वाय बरोबर अमुक असं सोडवून द्यायची गरज नाही, एक्स + २वाय ≤ १६ जसं पुस्तकात आहे तसंच्या तसं टाका, घेतं. ह्याचं मोल ट्यूशनवाल्यांनाच कळेल. कारण अर्धी पोरं वाय एका बाजूला आणायच्या नादातच गणित घालवतात, वजा चिन्हानं भागलं की असमानतेचं तोंड उलटं फिरतं हे दहा वेळा सांगितलं तरी अकराव्यांदा विसरतात.

दुसरी आवडलेली गोष्ट तुटक रेघ. ≤ किंवा ≥ असेल तर डेस्मॉस रेघ सलग काढतं, नुसतं < किंवा > असेल तर तुटक. म्हणजे रेघेवरचे बिंदू उत्तरात धरायचे की नाही धरायचे ते चित्रातच दिसतं. मी आतापर्यंत फळ्यावर हे सांगायचे तेव्हा पोरं वहीत मान डोलवत लिहून घ्यायची आणि पेपरात सगळ्या रेघा सलग मारून यायची. इथं एक गंमत करता येते, त्याच ओळीतलं ≤ मधलं खालचं दांडकं खोडलं की पोरांच्या डोळ्यासमोर सलग रेघ तुटक होते, परत टाकलं की परत सलग. दोनदा-तीनदा करून दाखवलं. नंतरच्या टेस्टमध्ये ह्या एका गोष्टीत चुका जवळजवळ नव्हत्याच, सतरापैकी दोघांनीच मार्क घालवले आणि त्या दोघांपैकी एकजण त्या दिवशी आलाच नव्हता.

आता कुठली बाजू. आमच्याकडं पोरांचा एक लाडका शॉर्टकट आहे, लेस दॅन म्हणजे रेघेच्या खाली आणि ग्रेटर दॅन म्हणजे वर. कुणी शिकवला देव जाणे, दरवर्षी नवीन बॅच तो घेऊनच येते. आणि वाईट म्हणजे तो बऱ्याच गणितात चालतो, म्हणून सुटत नाही. मी मग २एक्स − वाय ≥ ४ हे गणित काढते. सगळे ठामपणे म्हणतात वरची बाजू, ग्रेटर आहे ना. हात वर करायला लावते, सगळ्यांचे हात वर. मग डेस्मॉसमध्ये टाकते आणि रंग बरोबर खालच्या बाजूला पसरतो. ती जी दोन सेकंदं शांतता होते ना खोलीत, त्याच्यासाठी मी हे गणित घेते. एक पोरगी तर म्हणाली, "मॅडम, ॲप हँग झालंय." हँग नाही बाई, आरंभबिंदू ठेवून बघ. एक्सच्या जागी शून्य, वायच्या जागी शून्य, शून्य वजा शून्य म्हणजे शून्य, शून्य चारपेक्षा मोठा आहे का? नाही. म्हणजे आरंभबिंदू ज्या बाजूला आहे ती बाजू आपली नाही. आणि आरंभबिंदू ह्या रेघेच्या वरच्या बाजूला पडतो. वायच्या आधी वजा होता, त्या वजानं भागताना तोंड फिरलं, शॉर्टकट तिथं मेला.

लगेच एक हुशार विचारतो (दर बॅचला एक असतोच), की रेघच आरंभबिंदूतनं जात असेल तर? म्हणजे वाय ≤ २एक्स सारखी. तर मग रेघेवर नसलेला दुसरा कुठलाही बिंदू घ्यायचा, मी (१, ०) घ्यायला सांगते, शून्य दोनपेक्षा लहान आहे, खरं आहे, मग (१, ०) ज्या बाजूला ती आपली. हे पण डेस्मॉसमध्ये बिंदू कंसात टाईप केला की टिपका उठतो, तो रंगाच्या आत पडला की बाहेर ते दिसतं. बोटानं दाखवायला टीव्ही बरा पडतो, फळ्यावर माझे हात खडूनं नाही पण मार्करनं काळे व्हायचे ते वाचले.

बरं, आता त्या रंगपंचमीचं. दोन आठवडे मी काय करायचे तर डाव्या बाजूच्या रंगीत गोलावर क्लिक करून एकेक असमानता लपवायचे आणि परत दाखवायचे (तो गोल दाबला की ती ओळ ग्राफवरनं जाते, दाबून धरला की रंग बदलता येतो). चाललं असतं ते पण. पण एक दिवस चुकून मी एका ओळीत चिन्ह उलटं मारलं, ≤ च्या जागी >, आणि लक्षात आलं की त्या भागात रंग कमी झालाय. मग डोक्यात आलं की सगळीच चिन्हं उलटी मारली तर? म्हणजे आपल्याला जी बाजू नको आहे तीच रंगवायची. एक्स + २वाय ≤ १६ हवंय ना, मग टाईप करायचं एक्स + २वाय > १६. एक्स ≥ ० हवंय, टाईप करायचं एक्स < ०. असं चारही. आणि काय सांगू, बाहेर सगळीकडं रंगांचा गोंधळ आणि मधोमध आपला फीजिबल रीजन पांढरा स्वच्छ, एखाद्या रांगोळीच्या मधल्या चौकोनासारखा. लांबनं चष्मा नसलेल्यालाही दिसतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, नको ती बाजू खोडायची ही पद्धत जुनीच आहे, कागदावर करणारे पण आहेत. पण आमच्या इथं पुस्तकात रेघांना बाण दाखवून शेवटी हवा तो भाग रंगवायचा अशी सवय, त्यामुळं मला कधी सुचलं नाही. चार रेघा असतील तर कागदावर हवी ती बाजू चारदा आडव्या-उभ्या-तिरक्या पेन्सिलीनं भरत बसायचं आणि शेवटी जिथं सगळ्यात काळं झालंय तिथं बोट ठेवायचं, ह्यापेक्षा खोडत जाणं किती सोपं आहे. खोडत खोडत जे उरेल ते आपलं.

फक्त एक घोळ आहे, तो नीट समजून घ्या नाहीतर पोरं तुम्हाला पकडतील, मला पकडलं होतं. चिन्ह उलटं केलं की ≤ चं > होतं, म्हणजे डेस्मॉस रेघ तुटक काढणार. आणि आत्ताच तर आपण शिकवलं की तुटक म्हणजे रेघ धरायची नाही! मग? मग असं की आता रंग नको असलेल्या बाजूला आहे, आणि तुटक रेघ सांगतेय की रेघ त्या नको असलेल्या बाजूत धरलेली नाही. म्हणजे ती आपली, पांढऱ्यातली. अर्थ बरोबर उलटा. आळस करून ≥ मारलं तर रेघ दिसायला छान सलग येईल पण ती नको असलेल्यांच्या यादीत जाऊन बसेल. मी काय करते, उलटी असमानता टाकते आणि खाली वेगळ्या ओळीत नुसतं समीकरण, एक्स + २वाय = १६, तेही टाकते. रेघ सलग दिसते, रंग नको त्या बाजूला राहतो, भांडण मिटतं. वर ह्या समीकरणांच्या ओळींचा दुसरा फायदा म्हणजे दोन रेघा जिथं छेदतात तिथं टिचकी मारली की बिंदूचे निर्देशक लिहून येतात, कोपऱ्याचे बिंदू शोधायला तेच लागतात.

आता एक गणित पूर्ण दाखवते, कारण खरी मजा ह्याच्यात आली. शेजारच्या काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. बॅचला म्हटलं चला काकूंचा धंदा बसवू. चकली एक्स किलो, करंजी वाय किलो. एक किलो चकलीला हाताचं काम एक तास, कढई एक तास. एक किलो करंजीला हाताचं काम दोन तास (लाटा, भरा, कातणं फिरवा), कढई एक तास. काकूंकडं हाताचे तास १६, कढईचे तास १०. आकडे गणित सोपं जावं म्हणून गोल घेतलेत, कुणी सुगरण वाचत असेल तर माफ करा. म्हणजे एक्स + २वाय ≤ १६, एक्स + वाय ≤ १०, आणि दोन्ही शून्य किंवा जास्त, उणे चकली कुणी करत नाही. किलोला चकलीवर नफा १०० रुपये, करंजीवर १५०.

उलटी चिन्हं टाकली, मध्ये पांढरा चौकोनी तुकडा उरला, त्याचे चार कोपरे (०, ०), (१०, ०), (४, ६) आणि (०, ८). एकेक कोपरा झेड = १००एक्स + १५०वाय मध्ये ठेवला, शून्य, १०००, १३००, १२००. म्हणजे चार किलो चकली, सहा किलो करंजी, नफा १३०० रुपये. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणंच. पण पुस्तकात हे कोपरेच का तपासायचे हे पोरांना कधी पटत नाही, नियम आहे म्हणून तपासतात. "मधला एखादा बिंदू जास्त नफ्याचा नसेल कशावरनं?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि मी इतकी वर्षं त्याला तोंडी लावण्यापुरतं उत्तर देत आलेय.

डेस्मॉसमध्ये नवीन ओळ घेतली, १००एक्स + पवाय = झ असं, प म्हणजे करंजीवरचा किलोचा नफा आणि झ म्हणजे एकूण नफा (तिथं इंग्रजीच टाकावी लागतात, इथं मी आपलं मराठीत लिहितेय). डेस्मॉस लगेच विचारतं, ह्यांचे स्लायडर करू का? हो म्हणायचं. दोन सरकपट्ट्या येतात. इथं एक लक्षात ठेवा, स्लायडर मुळात उणे १० ते १० एवढाच असतो, झ आपल्याला शून्य ते दोन हजार हवाय आणि प शून्य ते तीनशे, तर टोकाचे आकडे टिचकी मारून बदला. मी पहिल्यांदा बदलले नव्हते आणि रेघ आरंभबिंदूपाशी किड्यासारखी वळवळत होती, मला वाटलं समीकरणच चुकलं.

प १५० वर ठेवला आणि झ ची पट्टी हळूहळू सरकवत नेली. नफ्याची रेघ स्वतःला समांतर राहून वर वर सरकायला लागली. पाचशे, आठशे, हजार, पांढऱ्या तुकड्यातनं जातेय. बाराशे, अजून आत. तेराशेला ती फक्त एका टोकाला, (४, ६) ला चिकटलेली, आणि त्याच्या पुढं एक रुपया जरी गेली तरी पांढऱ्याच्या बाहेर. मागच्या सतरंजीवरचा तोच रंगपंचमीवाला म्हणाला, "अय्या, म्हणजे शेवटी कोपऱ्यातनंच बाहेर पडती ती." मी त्याच्याकडं बघतच राहिले. चौदा वर्षं शिकवतेय, हे वाक्य माझ्या तोंडातनं कधी इतकं सरळ निघालं नव्हतं.

मग मी प ची पट्टी हलवली, म्हणजे करंजीवरचा नफा वाढवला. रेघेचा उतार बदलत जातो. १८० ला पण (४, ६) च जिंकतो. २०० ला मात्र गंमत, रेघ तुकड्याच्या एका आख्ख्या बाजूवर सपाट बसते, (४, ६) पासून (०, ८) पर्यंत, दोन्हीकडं नफा १६०० च. त्या बाजूवरचा कुठलाही बिंदू घ्या, तेवढाच. २०० च्या वर गेलं की चकली बंद, नुसत्या करंज्या, (०, ८). आणि उलट्या बाजूला १०० वर आणलं की (४, ६) आणि (१०, ०) दोन्ही हजारावर बरोबरीत, १०० च्या खाली करंजी बंद, नुसती चकली. म्हणजे करंजीचा नफा १०० ते २०० च्या मध्ये कुठंही असला तरी काकूंनी चार-सहाच करायचं. हे कागदावर दाखवायचं तर पाच ग्राफ काढायला लागले असते आणि तासाची बेल झाली असती.

(हे नुसतं ट्यूशनचं खेळणं नाही हं. सोव्हिएत रशियात लिओनिद कांटोरोविच ह्यांच्याकडं १९३९ च्या सुमाराला प्लायवूडवाल्यांचा असाच प्रश्न आला होता, यंत्रं इतकी, माल असा, जास्तीत जास्त काढायचं कसं, आणि त्यातनं ह्या विषयाची सुरुवात झाली. त्यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पोरांना प्लायवूड सांगितलं की जरा बरं वाटतं, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी मागच्या अंगणात माग आहेत, साडी किती आणि धोतर किती हा प्रश्न जेवणाच्या ताटावर रोज चालतो.)

मोबाईलबद्दल. ॲप एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं, हे फार मोठं आहे कारण आमच्या गल्लीत नेट कधी जाईल सांगता येत नाही. ग्राफ साठवून ठेवायचा असेल तर मात्र खातं काढावं लागतं, नाहीतर नुसतं वापरायला काही लागत नाही. उभ्या धरलेल्या मोबाईलवर ग्राफ अर्ध्या स्क्रीनवर येतो आणि चार ओळी टाईप केल्या की ग्राफ बघू की ओळी बघू असं होतं, आडवा धरा. आणि दोन बोटांनी झूम करताना पोरं कुठल्या कुठं जातात, आरंभबिंदूच सापडत नाही, मग घराचं चिन्ह दाबलं की परत मूळ जागी येतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. काकूंच्या गणितासारखं १६, १० असं असेल तर मूळची चौकट थोडी अपुरी पडते, कारण ती मुळात साधारण उणे १० ते १० दाखवते, एक्स-अक्षावरचा १६ बाहेर राहतो, थोडं मागं घ्यायला लागतं.

जिओजेब्रा पण वापरून बघितलं. ते जुनं, मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलेलं, ते पण फुकट. भूमिती शिकवायची असेल, वर्तुळाला स्पर्शिका, त्रिकोणाचे लंब, तर त्याच्यासारखं काही नाही, दहावीवाल्यांनी तेच घ्यावं. असमानता त्यात पण रंगवून येतात. पण मला एका कामापुरतं काहीतरी हवं होतं, आणि डेस्मॉसची पाटी कोरी असते, उघडलं की लिहायला लागा. हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न आहे, माझी एक मैत्रीण बरोबर उलटं सांगेल.

आता कागदाचं. कारण शेवटी बोर्डाच्या पेपरात टीव्ही नाही आणि मोबाईल तर गेटवरच काढून घेतात, तिथं ग्राफ पेपर, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. म्हणून माझा नियम असा की आधी कागदावर, मग डेस्मॉस. आधी वहीत रेघा काढायच्या, आरंभबिंदू ठेवून बाजू ठरवायची, कोपरे लिहायचे, आणि मगच टीव्ही चालू. उलटं केलं की पोरं टीव्हीवरनं बघून उतरवतात आणि बाजू का ती, हे विचारलं की छताकडं बघतात. पहिल्या बॅचला मी उलटंच केलं होतं, चाचणीत भोगलं. डेस्मॉस इतक्या पटकन उत्तर देतं की पोराला प्रश्न पडायला वेळच मिळत नाही, अर्धा स्टार मी त्याच्यासाठी कापतेय, तो खरं तर माझाच कापायला हवा.

आणि ग्राफ पेपर चांगला घ्या हो. मागच्या वर्षी बाजारातल्या एका दुकानातनं (नाव नको) स्वस्तात शंभर कागदांचा गठ्ठा आणला, घरी येऊन बघते तर तो छापलेला नव्हताच, झेरॉक्स होता. आणि झेरॉक्स करताना कागद थोडा ओढला गेलेला, आडवे दहा सेंटीमीटर पट्टीवर दहा आणि वर तीन मिलिमीटर, उभे दहा बरोबर. पोरं कोपरा वाचतात चार सहा, पट्टीनं मोजून बघतात तर जुळत नाही, एका पोरानं बिचाऱ्यानं तीन वेळा खोडून काढलं. चौकटी मोजल्या तर उत्तर बरोबरच येतं म्हणा, पण पट्टी लावून मोजायची सवय असते ना. परत द्यायला गेले तर म्हणे एकदा फोडलेला गठ्ठा परत घेत नाही. सध्या त्याच्या मागच्या बाजूवर किराण्याच्या याद्या लिहितेय. तेव्हा कागद घेताना दुकानातच पट्टी लावून बघा, लाज वाटू देऊ नका. आणि पोरांना सांगा की प्रमाण कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं, एक सेंटीमीटर म्हणजे किती एकक, ते विसरतातच. डेस्मॉसमध्ये प्रमाण लिहायलाच लागत नाही ना, म्हणून त्याच्यावर जास्त खेळलेली पोरं कागदावर हमखास विसरतात. आणि पेपरात शेवटी हवा तो भागच रंगवायचा, उलटी पद्धत कच्च्या कामाला, हेही दोनदा सांगा.

किंमत शून्य रुपये आणि जाहिराती नाहीत, त्यामुळं पैसे वसूल वगैरे बोलायचा प्रश्न नाही. पाचपैकी साडेचार देतेय. टीव्हीवर दाखवणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं आणि रेघा मोठ्या करून घ्या, आणि रंग बदलताना पिवळसर फिकट काही घेऊ नका, जुन्या टीव्हीवर ते पांढऱ्यातच जातं.

काकूंना पण दाखवलं, चहाला आल्या होत्या तेव्हा. चार किलो चकली, सहा किलो करंजी, पट्टी सरकवून तेराशे कसे येतात ते पण. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं, म्हणाल्या, "बरंय की. आणि लाडवाची ऑर्डर आलीय दहा किलोची, ती कुठं बसवायची ह्यात?" आता लाडू म्हणजे तिसरं चल, तिसरा अक्ष, कागदाच्या बाहेर येणारा. मी म्हटलं काकू, लाडू बारावीच्या पोर्शनमध्ये नाही.